मुलांनी शिकायचं की रस्त्यानं?

दर वर्षी शाळेत वाहतुकीचे नियम शिकवले जातात. तीन रंगांचे दिवे पाठ होतात, भिंतीवर तक्ता लागतो, चित्रकला स्पर्धाही होते. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर काय घडतं, तेही आपण सगळे पाहतो. पाचवीतली एखादी मुलगी सायकल हातात धरून कडेला उभी असते. दोन्ही बाजूंनी वाहनं येतच असतात. सकाळी शिकलेलं ती विसरलेली नसते, तिला पलीकडे जायला फटच मिळत नाही. घरी हे कळतं आणि दुसऱ्या दिवसापासून तिची सायकल जिन्याखाली जाते. ती रिक्षातून येऊ लागते. म्हणजे शाळेच्या फाटकासमोर आणखी एक वाहन वाढतं, आणि उरलेल्या सायकलवाल्या मुलांची अडचणही.

या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहता येईल. मुलाला रस्त्याजोगं बनवायचं, ही एक बाजू. आपले वाहतुकीचे धडे सगळे या बाजूचे आहेत. रस्त्याला मुलाजोगं बनवायचं, ही दुसरी. ही दुसरी बाजू एका देशाने गेल्या पन्नास वर्षांत बऱ्याच मोठ्या प्रमाणावर आजमावून पाहिली. तो देश म्हणजे नेदरलँड्स. त्याचा इतिहास आपण इथे पाहणार आहोत, कारण त्यात विज्ञान आहे, समाजकारण आहे आणि शिक्षकांनी विचार करावा असा एक प्रश्नही आहे.

सपाट देश, तरीही...

नेदरलँड्समध्ये एवढ्या सायकली का, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, "देश सपाट आहे आणि लोकांना सवय आहे." देश सपाट आहे हे खरं. पण १९५० ते १९७० या काळातही तो तितकाच सपाट होता, आणि तेव्हा शहरांमधल्या सायकली झपाट्याने कमी होत होत्या. महायुद्धानंतर सुबत्ता आली, घरोघरी मोटारी आल्या. त्यांना जागा करून देण्यासाठी रस्ते रुंद झाले, जुन्या इमारती पाडल्या गेल्या, काही ठिकाणी कालवेही बुजवले गेले. सायकल ही मागे पडलेल्या काळाची वस्तू आहे, असं तिथल्या अनेक नियोजनकारांचं मत होतं.

या बदलाची किंमत १९७१ साली स्पष्ट दिसली. जेमतेम सव्वा कोटीच्या वर लोकसंख्या असलेल्या या देशात त्या वर्षी सुमारे ३३०० माणसं रस्त्यांवर मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुलं होती.

ज्ञान आणि वर्तन

मुलांना नियम नीट शिकवले की अपघात टळतील, असंच तेव्हा युरोपातही मानलं जात होतं. या समजाला शास्त्रीय धक्का दिला तो स्वीडनच्या मानसशास्त्रज्ञ स्टिना सांडेल्स यांनी. लहान मुलं रस्त्यावर प्रत्यक्षात कशी वागतात, याचं निरीक्षण त्यांनी वर्षानुवर्षं केलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९६८ साली स्वीडिश भाषेत प्रसिद्ध झालं. लहान मुलाला उभ्या गाड्यांवरून पलीकडचं दिसत नाही, आवाज कुठल्या दिशेने आला हे नेमकं उमगत नाही, येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अंदाज येत नाही. आणि या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याचं लक्ष एका क्षणात दुसरीकडे जातं. नियम तोंडपाठ असलेलं मूलही चेंडू रस्त्यावर गेला की त्याच्यामागे धावतं.

शिक्षकांना हे नवीन वाटणार नाही. उत्तरपत्रिकेत बरोबर लिहिलेलं प्रत्येक उत्तर वागण्यात उतरतंच असं नाही, हा आपला रोजचा अनुभव आहे. सांडेल्स यांनी त्यातून पुढचा निष्कर्ष काढला. लहान मुलांना वाहतुकीशी पुरतं जुळवून घ्यायला शिकवणं शक्यच नाही, तेव्हा वाहतुकीलाच मुलांशी जुळवून घ्यावं लागेल.

'बालहत्या थांबवा'

निष्कर्ष पुस्तकात राहिला असता तर फारसं काही बदललं नसतं. व्हिक लांगनहॉफ या डच पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी १९७१ साली सायकलवरून शाळेत जाताना मोटारीखाली सापडून गेली. पुढच्या वर्षी त्याने आपल्या दैनिकात एक लेख लिहिला. त्याचा मथळा होता, 'बालहत्या थांबवा'. शब्द जाणूनबुजून जहाल निवडले होते. 'अपघात' म्हटलं की दोष कोणाचाच राहत नाही. 'हत्या' म्हटलं की ती थांबवण्याची जबाबदारी कोणावर तरी येते.

हाच मथळा एका चळवळीचं नाव झाला. तिची पहिली अध्यक्ष होती मार्त्ये व्हान पुटन ही तरुणी, जी पुढे युरोपीय संसदेची सदस्य झाली. आयाबापांनी सायकलींचे मोर्चे काढले, धोक्याचे रस्ते अडवून तिथे मुलांना खेळायला सोडलं. ॲमस्टरडॅममधल्या 'द पाइप' या दाटीवाटीच्या वस्तीत तर १९७२ साली मुलांनी स्वतःच आपली गल्ली गाड्यांना बंद करावी म्हणून खटपट केली.

त्यातच १९७३ साली तेलाचं संकट आलं. ४ नोव्हेंबर १९७३ पासून काही रविवार देशभर खाजगी मोटारी चालवायला बंदी झाली. मोकळ्या महामार्गांवर लोक सायकली घेऊन उतरले, मुलं चाकांचे बूट घालून धावली. शहर शांत असू शकतं, याचं हे प्रात्यक्षिक लाखो लोकांनी एकाच वेळी पाहिलं. सायकलस्वारांची राष्ट्रीय संघटना १९७५ साली उभी राहिली.

डेल्फ्टमधलं अंगण

मागणी झाली, पण नेमकं करायचं काय? याचं एक उत्तर डेल्फ्ट या छोट्या शहरात आधीच तयार होत होतं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या नगरपालिकेत काम करणारे योस्त वाल आणि त्यांचे सहकारी रहिवाशांना बरोबर घेऊन निवासी गल्ल्यांवर प्रयोग करत होते. पदपथ आणि रस्ता यांच्यामधली पायरी त्यांनी काढून टाकली. सगळी जमीन एका पातळीत आणून तिथे फरसबंदी केली. मधूनमधून झाडं, बाक आणि कुंड्या अशा ठेवल्या की गाडीला सरळ जाताच येऊ नये, वळणं घेतच जावं लागावं. गाड्यांना बंदी नव्हती. पण गल्लीत शिरणाऱ्या चालकाला आपण दुसऱ्याच्या दारात आलो आहोत, हे पाटी न वाचताही कळत होतं.

अशा गल्लीला निक द बूर या नगररचनाकाराने नाव दिलं 'वोनएर्फ'. 'वोन' म्हणजे राहणं आणि 'एर्फ' म्हणजे घराभोवतीचं आवार. मराठीत याला 'अंगण' हा शब्द सहज बसतो. अंगणात बैलगाडी येते, सायकल टेकवली जाते, मुलं खेळतात, पण तिथे कोणी गाडी दामटत नाही. १९७६ साली डच सरकारने वोनएर्फला कायद्यात स्थान दिलं. इथे माणसांनी रस्त्याची सगळी रुंदी वापरावी, मुलांनी खेळावं आणि वाहनांनी चालण्याच्या वेगाने जावं, असा नियम झाला.

रस्ता शांत झाल्याने शेजाराला काय मिळतं, हे साधारण त्याच सुमारास अमेरिकेत मोजलं जात होतं. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोतले एकमेकांसारखेच दिसणारे तीन रस्ते निवडले. दिवसाला एकावरून सुमारे २०००, दुसऱ्यावरून ८००० आणि तिसऱ्यावरून १६००० वाहनं जात होती. त्या त्या रस्त्यावर तुमचे मित्र किती, असं रहिवाशांना विचारलं तेव्हा सरासरी उत्तरं आली अनुक्रमे ३.०, १.३ आणि ०.९. गर्दीच्या रस्त्यावरचे लोक मागच्या खोल्यांत राहू लागले होते. समोरच्या घराशी त्यांचा संबंधच उरला नव्हता. ॲपलयार्ड यांचा ग्रंथ १९८१ साली प्रसिद्ध झाला. १९८२ साली अथेन्समध्ये एका भरधाव मोटारीने त्यांचाच बळी घेतला.

तीस आणि पन्नास

आता थोडं गणित करू. ताशी ३० आणि ताशी ५० कि.मी. यांत फरक तो किती, असं वाटतं. दोन सारख्या गाड्या घेऊ. दोन्ही चालकांना धोका दिसल्यापासून ब्रेक दाबायला १ सेकंद लागतो आणि कोरड्या रस्त्यावर दोन्ही गाड्यांचं ऋण त्वरण ७ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, असं मानू.

ताशी ३० कि.मी. म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. पहिल्या सेकंदात गाडी ८.३ मीटर जाते. मग ब्रेक लागल्यावर वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट, म्हणजे ५ मीटर जाते. एकूण १३.३ मीटरमध्ये ती थांबते. ताशी ५० कि.मी. म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. या गाडीला थांबायला १३.९ अधिक १३.८, म्हणजे जवळजवळ २८ मीटर लागतात.

समजा, साडेतेरा मीटरवर एक मूल अचानक रस्त्यात आलं. पहिली गाडी त्याच्या पुढ्यात थांबेल. दुसऱ्या गाडीच्या चालकाचा पाय तोवर ब्रेकवर पोचलेलाही नसेल. ती पुऱ्या ५० च्या वेगाने धडकेल. दोन्ही चालक तितकेच सावध, तितकेच सज्जन. फरक फक्त वेगाचा.

धडकेची तीव्रता गतिज ऊर्जेवर अवलंबून असते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० ला ३० ने भागून वर्ग केला तर २.८ येतात. हेच उंचीच्या भाषेत सांगता येईल. साडेतीन मीटरवरून, म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडणारी वस्तू जमिनीवर येताना ताशी ३० चा वेग घेते. ५० चा वेग घ्यायला तिला सुमारे १० मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडावं लागतं.

आणि ३० च्या वेगाने जाण्यात वेळ किती जातो? चारशे मीटरची गल्ली ५० च्या वेगाने पार करायला २९ सेकंद लागतात, ३० च्या वेगाने ४८. एकोणीस सेकंदांचा हा सौदा आहे.

पाटी, उंचवटा आणि वाट

वेग ३० वर आणायचा कसा? नुसती पाटी लावून तो येत नाही. रुंद, सरळ, मोकळा रस्ता चालकाला 'जोरात जा' असंच सांगत असतो, पाटीवर काहीही लिहिलेलं असो. म्हणून रस्त्याचा आकारच बदलावा लागतो.

त्यातला आपल्या ओळखीचा उपाय म्हणजे गतिरोधक. त्याच्या इतिहासात एक भौतिकशास्त्रज्ञ भेटतो. क्ष-किरणांच्या विकिरणावरील कामासाठी १९२७ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे आर्थर कॉम्प्टन पुढे अमेरिकेत सेंट लुइसच्या विद्यापीठाचे प्रमुख झाले. आवारातून भरधाव जाणाऱ्या गाड्यांना आळा घालण्यासाठी १९५३ साली त्यांनी स्वतः उंचवटे आखून बसवून घेतले. पुढे १९७० च्या दशकात ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी वेगवेगळ्या आकारांच्या उंचवट्यांची चाचणी घेतली. त्यांना दिसलं की आखूड, टोकदार उंचवट्यावरून जोरात गेलं तर स्प्रिंगा धक्का गिळून टाकतात, त्यामुळे बेफाम चालकाला त्याचा त्रास उलट कमी होऊ शकतो. ३.७ मीटर लांबीच्या गोलसर उंचवट्यावर मात्र अख्खी गाडी उचलली जाते आणि वेग वाढेल तसा त्रासही वाढतो.

भारतीय रस्ते महासभेने १९८८ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही हीच ३.७ मीटर लांबी, १० सेंटिमीटर उंची आणि १७ मीटर त्रिज्येचा कंस आहे. ताशी २५ कि.मी. वेगासाठी तो योजलेला होता. नववी-दहावीच्या मुलांना जीवेची लांबी आणि कंसाची उंची देऊन त्रिज्या काढायला सांगावी. पायथागोरसच्या प्रमेयाने उत्तर १७.२ येतं.

आम्ही एकदा एका शाळेतल्या मुलांबरोबर फाटकासमोरचा गतिरोधक मोजला. तो हातभर रुंद आणि चांगलाच उंच होता. स्कूटरवाले त्याला टाळून कडेच्या मातीतून जात होते, म्हणजे नेमके मुलं जिथून सायकली नेत तिथून. एक मुलगा म्हणाला, "सर, हा गाड्यांना नाही, आम्हालाच अडवतो." त्याचं म्हणणं खरं होतं. सायकलला स्प्रिंगा नसतात. म्हणून नेदरलँड्समध्ये साइन वक्रासारखे अलगद चढणारे-उतरणारे उंचवटे करतात, किंवा कडेला सायकलपुरती सपाट जागा सोडतात.

उंचवट्याने वेग कमी होतो, पण येणाऱ्या गाड्यांची संख्या कमी होतेच असं नाही. त्यासाठी वाटा बदलाव्या लागतात. ग्रोनिंगन शहराने सप्टेंबर १९७७ मध्ये आपल्या मध्यवस्तीचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्या भागात मोटारीने थेट जाता येईना. आधी बाहेरच्या वर्तुळमार्गावर जायचं, मग पुन्हा आत यायचं. पायी किंवा सायकलने मात्र सरळ जाता येई. कोणाचंच घर तुटलं नाही, एकाही घरापर्यंत गाडी पोचायची थांबली नाही, पण केवळ मधली वाट म्हणून गल्ल्यांतून जाणारी वाहनं गेली. दुकानदारांनी जोरदार विरोध केला, तरी योजना टिकली. आज हे शहर सायकलींसाठी प्रसिद्ध आहे.

आणखी एक धडा डच लोकांना चुकून मिळाला. १९७० च्या दशकाच्या मध्यावर द हेग आणि टिलबर्ग इथे सरकारी खर्चाने एकेक उत्तम सायकलमार्ग बांधला गेला. लोक त्यावर आले, पण शहरातल्या एकूण सायकली फारशा वाढल्या नाहीत. घरापासून त्या मार्गापर्यंतचं अंतर तसंच धोक्याचं राहिलं होतं. डेल्फ्टने १९८० च्या दशकात गल्ल्यांपासून हमरस्त्यांपर्यंत सगळं जाळंच जोडलं, तेव्हा फरक पडला. साखळीतली एक कडी कितीही मजबूत केली तरी सायकल चालत नाही.

काय साधलं?

वोनएर्फ बांधायला खर्च फार. म्हणून १९८० च्या दशकात अधिक स्वस्त उपाय पुढे आला. सगळ्या वस्तीला ताशी ३० ची मर्यादा, प्रवेशापाशी ठळक उंबरठा आणि आत जरुरीपुरते बदल. जर्मनीत बुक्स्टेहूड इथे १९८३ साली असं पहिलं क्षेत्र झालं. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ साली सगळ्या निवासी रस्त्यांना ही मर्यादा लावली. ॲमस्टरडॅमने डिसेंबर २०२३ मध्ये शहरातल्या बहुतेक रस्त्यांना ती लागू केली.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली चारशेहून अधिक असलेले बालमृत्यू २०१० साली १४ वर आले. आज तिथल्या एकूण फेऱ्यांपैकी चतुर्थांशाहून अधिक सायकलने होतात. मात्र याचं सगळं श्रेय शांत गल्ल्यांना देणं शास्त्रीय ठरणार नाही. १९७४-७५ मध्येच तिथे दारू पिऊन गाडी चालवण्यावर कडक मर्यादा आली, मोपेडवाल्यांना शिरस्त्राण आणि मोटारीत पट्टे सक्तीचे झाले. वैद्यकीय मदत सुधारली. अनेक कारणं एकत्र आली. पण एक गोष्ट नक्की सांगता येते. इतर कित्येक देशांत मुलांना रस्त्यावरून उचलून घरात किंवा मोटारीत बसवल्यामुळे बालमृत्यू घटले. इथे ते मुलं सायकलवर असताना घटले.

फाटकाबाहेरची प्रयोगशाळा

हे सगळं आपल्या मुलांपर्यंत न्यायला मोठी साधनं लागत नाहीत. शाळेसमोरच्या रस्त्यावर ५० मीटर अंतर मोजून दोन टोकांना खुणा करा. मुलांना कुंपणाच्या आत किंवा पदपथावरच उभं करा. गाडी पहिल्या खुणेशी आली की एकाने हात खाली करायचा, दुसऱ्याने घड्याळ सुरू करायचं आणि दुसऱ्या खुणेशी थांबवायचं. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३०, ३.६ सेकंद लागले तर ५०. शंभर गाड्यांची नोंद करून आलेख काढा. गतिरोधकाची लांबी-उंची दोरी आणि पट्टीने मोजा, रस्त्यावर वाहनं नसताना आणि मोठ्यांनी थांबून. पट्टी वरून सोडून बोटांत पकडण्याचा खेळ खेळा आणि त्यावरून प्रत्येकाचा प्रतिक्रिया-काळ काढा.

मग ते आलेख वर्गात लावून ठेवू नका. पालकसभेत मांडा, नगरसेवकाला किंवा सरपंचाला दाखवा. डच पालकांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडेही अधिकार नव्हता, पण सांगायला नेमकी गोष्ट होती.

वाहतुकीचे नियम शिकवणं आपण थांबवावं असं आम्ही म्हणत नाही. ते शिकवलेच पाहिजेत. पण सायकल हातात धरून कडेला उभ्या असलेल्या त्या मुलीने तिचा अभ्यास पुरा केला आहे. आता रस्त्याची पाळी आहे, आणि रस्ता काही आपण होऊन शिकायचा नाही.